झिपरीचा घाटा, झिपरीचा वाटा

एक होती खार. इवलीशी! शेपटी मात्र ही एवढी झुबकेदार. म्हणून तिचं नाव झिपरी.

थंडीचे दिवस होते. झिपरीला सापडला एक घाटा. हिरव्यागार हरभऱ्याचा टपोरा घाटा!

"माझा घाटा! माझा घाटा!" झिपरी नाचली. शेवग्यावर चढली, तुरतुर तुरतुर. फांदीवर बसली. खायला तोंड उघडलं, आणि...

टुपुक!

घाटा पडला खाली. कुठे पडला? रखमाकाकूच्या सुपात! काकू बसली होती घाटे सोलत. झिपरीचा घाटासुद्धा सोलला. दाणे गेले हंडीत. पुटुक पुटुक!

झिपरी आली खाली, तुरतुर तुरतुर.

"काकू काकू, माझा घाटा दे!"

"अगं बाई, तुझा होता होय?" काकूने हंडीत पाहिलं. "आता हंडीभर दाणे. तुझे कुठले, माझे कुठले? असं कर, आज भोगी आहे. भोगीची भाजी होऊ दे. पहिला वाटा तुझा!"

"मग कर ना लवकर!"

"कशी करू? माझ्याकडे वांगं नाही. वांगं नाही, तर भाजी नाही!"

भोगी माहीत आहे ना? संक्रांतीचा आदला दिवस. थंडीत जे जे पिकतं, ते ते सगळं एका हंडीत. एक जरी राहिलं तर चालतं का? छे छे छे!

झिपरीचं पोट म्हणालं, कुरकुर कुरकुर. झिपरी निघाली, तुरतुर तुरतुर. गेली धोंडूमामाच्या मळ्यात.

"मामा मामा, वांगं दे.
वांगं काकूला, काकू करील भाजी.
भाजीत माझा घाटा, मला माझा वाटा!"

मामा म्हणाला, "वांगी? टोपलीभर आहेत की! पण मलाही भाजी करायची आहे. माझ्याकडे पावटा नाही. पावटा नाही, तर वांगं नाही!"

बघा बाई! टोपलीभर वांगी, आणि एक सुटेना मामाच्या हातून.

झिपरी निघाली, तुरतुर तुरतुर. गेली गोदाआत्याच्या ओट्यावर. आत्या शेंगा निवडत होती.

"आत्या आत्या, पावटा दे.
पावटा मामाला, मामा देईल वांगं.
वांगं काकूला, काकू करील भाजी.
भाजीत माझा घाटा, मला माझा वाटा!"

आत्या म्हणाली, "देते गं, देते! पण आधी माझं ऐक. माझ्याकडे गाजर नाही. गाजर नाही, तर पावटा नाही!"

म्हणे देते देते! दिला का? नाही दिला.

झिपरी निघाली, तुरतुर तुरतुर. गेली नामूतात्यांच्या हौदावर. तात्या गाजरं धूत होते, खळखळ खळखळ.

"तात्या तात्या, गाजर द्या.
गाजर आत्याला, आत्या देईल पावटा.
पावटा मामाला, मामा देईल वांगं.
वांगं काकूला, काकू करील भाजी.
भाजीत माझा घाटा, मला माझा वाटा!"

तात्या म्हणाले, "गाजरं आहेत, लालचुटुक आहेत. पण माझ्याकडे तीळ नाहीत. तीळ नाहीत, तर गाजर नाही!"

झिपरीचं पोट म्हणालं, कुरकुर कुरकुर, कुरकुर कुरकुर! झिपरी निघाली, तुरतुर तुरतुर. गेली शेवंतामावशीच्या चुलीपाशी. तव्यावर तीळ उडत होते, तडतड तडतड!

"मावशी मावशी, तीळ दे.
तीळ तात्यांना, तात्या देतील गाजर.
गाजर आत्याला, आत्या देईल पावटा.
पावटा मामाला, मामा देईल वांगं.
वांगं काकूला, काकू करील भाजी.
भाजीत माझा घाटा, मला माझा वाटा!"

मावशी म्हणाली, "बाळा, तीळ खूप आहेत. पण माझ्याकडे बोरं नाहीत. भाजीत दोन आंबटगोड बोरं नकोत का? बोरं नाहीत, तर तीळ नाहीत!"

झिपरी निघाली, तुरतुर तुरतुर. गेली बांधावरच्या बोरीकडे. बोरीला बोरंच बोरं! पिवळी बोरं, लाल बोरं!

"बोरीबाई बोरीबाई, बोरं दे.
बोरं मावशीला, मावशी देईल तीळ.
तीळ तात्यांना, तात्या देतील गाजर.
गाजर आत्याला, आत्या देईल पावटा.
पावटा मामाला, मामा देईल वांगं.
वांगं काकूला, काकू करील भाजी.
भाजीत माझा घाटा, मला माझा वाटा!"

आता बोरीबाई काय म्हणाली असेल? सांगा बरं!

बोरीबाई म्हणाली, "मला काहीच नको! घे की बोरं. पण मला काटे आहेत काटे! मोठी माणसं वर चढत नाहीत. खालून दगड मारतात. मला लागतं गं."

झिपरीने वर पाहिलं. केवढे ते काटे! झिपरी घाबरली. पोट म्हणालं, कुरकुर!

मग झिपरीने शेपटी आवळली. अंग चोरलं. या काट्याच्या खालून, त्या काट्याच्या वरून. झिपरी केवढी? एवढीशी! तिला एकही काटा टोचला नाही. गेली शेंड्यावर! फांदी हलवली, हळूच, हळूच.

टप टप टप टप! पडली बोरं!

"शाब्बास माझ्या झिपरे!" बोरीबाई हसली.

आता पळ, झिपरे, पळ!

एक बोर या गालात, एक बोर त्या गालात. गाल फुगले टम्म! बोरं मावशीला दिली. मावशीने दिले तीळ. तिळांची पुरचुंडी शेपटीला बांधली.

तुरतुर तुरतुर! तीळ तात्यांना दिले. तात्यांनी दिलं गाजर. गाजर झिपरीपेक्षा मोठं! ओढत नेलं, फरफर फरफर.

गाजर आत्याला दिलं. आत्याने दिला पावटा. शेंगांची माळ झिपरीच्या गळ्यात. झुलझुल झुलझुल!

पावटा मामाला दिला. मामाने दिलं वांगं. गोल गोल जांभळं वांगं! ढकललं झिपरीने. गडगड गडगड गडगड... थेट काकूच्या अंगणात!

"आलं गं बाई वांगं!" काकूने टाळी वाजवली. वांगं चिरलं, कचकच कचकच. फोडणी दिली, चर्रर्र! भाजी शिजली, रटरट रटरट. भाकरी थापली, थपथप थपथप.

वास सुटला घमघम घमघम!

वासाने मामा आला. आत्या आली. तात्या आले. मावशी आली. सगळ्यांनी मिळून जेवायचं म्हणून आपापल्या भाजीची हंडी घेऊन आले, आणि थाळ्या पुढे केल्या.

"आधी मला वाढ!" "मला गं, मला!" "भूक लागली, वाढा लवकर!"

एवढे मोठे मोठे पाय! त्यांच्यात झिपरी दिसेना. "मला! मला!" झिपरी ओरडली. कोणाला ऐकूच जाईना. काकूने पळी भरली. पळी निघाली मामाच्या थाळीकडे.

झिपरीला रडू आलं. मग आला राग! सरसर सरसर चढली काकूच्या खांद्यावर. आणि ओरडली, जोराने:

"बोरं मावशीला कुणी दिली?
तीळ तात्यांना कुणी दिले?
गाजर आत्याला कुणी दिलं?
पावटा मामाला कुणी दिला?
वांगं काकूला कुणी दिलं?
भाजीत माझा घाटा, मला माझा वाटा!"

मामाने हळूच थाळी मागे घेतली.

"अगं, ही नसती तर माझी हंडी रिकामीच होती," मामा म्हणाला.

"माझी पण!" "माझी पण!" "माझी पण!"

काकू म्हणाली, "थाळ्या खाली ठेवा सगळ्यांनी! पहिला वाटा कोणाचा?"

सगळे ओरडले, "झिपरीचा!"

तुम्ही पण ओरडा, झिपरीचा!

काकूने पान मांडलं. पानावर भाकरीचा तुकडा. भाकरीवर भाजी. गरम गरम, वाफाळलेली! झिपरीने फुंकर मारली, फू फू फू. सगळे थांबले. मामासुद्धा थांबला!

झिपरीने घास घेतला. मच मच मच.

"कशी झालीय गं?" काकूने विचारलं.

झिपरीचं तोंड भरलेलं. बोलणार कशी? तिने पान पुढे केलं.

"अजून!"

हंडी झाली चाटूनपुसून, पोट झालं टम्म,
आणि गोष्ट बसली थम्म!