टिटवीने विचारलेला हुकूम

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नाही. मावशीने तशी ताकीद दिली आहे. तिचं म्हणणं, ही गोष्ट ऐकली की मुलं ऊठसूट सगळ्यांना प्रश्न विचारायला लागतात. पण मावशी आत्ता गच्चीवर पापड वाळत घालते आहे. तेवढ्यात सांगून टाकते.

फार पूर्वी, जनावरं आणि पाखरं एकच भाषा बोलत होती तेव्हा, एका रानावर एक सिंहीण राज्य करत होती. त्या रानात लिहिणं-वाचणं कुणालाच येत नव्हतं. म्हणून दरबारात पोपट बसत. राणीने हुकूम दिला की एक पोपट तो पाठ करी आणि जन्मभर जपून ठेवी.

हे पोपट एका जुन्या वडावर राहत. त्यांच्या देखरेखीला एक म्हातारा वानर नेमलेला होता. रानातल्या कुणीही वडाखाली यावं आणि हवा तो हुकूम ऐकावा, असा कायदा होता. कशाला हवा, हे सांगायची गरज नव्हती. उत्तर पुढच्या अमावास्येच्या आत मिळे. जिवाचा प्रश्न असेल तर त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत.

कायदा चांगला होता. तरी वडाखालून बहुतेक जण हिरमुसून परत येत. "पोपटांच्या चोची बांधून ठेवल्यात," असं रानात सगळे म्हणत.

त्या रानातल्या तळ्याजवळ, उघड्या खडीवर, एका टिटवीने चार अंडी घातली होती. ऊन चढलं की टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. तिच्या जातीची रीतच ती. पण तळ्याच्या काठावर कोल्हा पहाऱ्याला बसला होता.

"हट! काठाला पाय लावायचा नाही. हुकूम आहे."

"कोल्होबा, एकदाच पोट भिजवू द्या ना."

"एकदाही नाही. हुकूम म्हणजे हुकूम!" असं म्हणून कोल्हा गार वाळूत पुन्हा ऐसपैस लोळला.

नदी टेकडीपलीकडे होती. तिथून परत येईपर्यंत टिटवीची पिसं कोरडी होऊन जात. तिचा नवरा अंड्यांवर पंख पसरून उभा होता आणि चोच उघडी टाकून धापा टाकत होता.

"अंडी तापायला लागलीत गं," तो म्हणाला. "वडाखाली जाऊन बघतेस का?"

टिटवीला चारचौघांत बोलायची भारी भीती. पण चार अंड्यांकडे बघून ती उडाली.

वडाखाली तिच्या आधी एक साळिंदर आलं होतं. ते रडत होतं. "आमच्यावरच असा अन्याय का? आमचं ऐकणारं कुणी नाही का?"

पोपट ढिम्म. वानराने जांभई दिली. "झालं का रडून? पुढचा कोण?"

टिटवी पुढे झाली आणि तिनेही तेच केलं. "माझ्या पिल्लांचं काय होणार? कुणाला दया कशी येत नाही?" पोपट पुन्हा ढिम्म. टिटवीचा आवाज चिरकला. "तो मेला कोल्हा तळ्याच्या काठावर बसतो आणि..."

इतक्यात वरच्या फांदीवरच्या एका पोपटाने मान तिरकी केली.

टिटवीने ते पाहिलं. ती पुन्हा हळूच म्हणाली, "दया." पोपट हलला नाही. "तळ्याचा काठ." पोपटाने चोच उघडली, मिटली.

आणि तिच्या लक्षात आलं. पोपटांच्या चोची कुणी बांधलेल्या नव्हत्या. त्यांना फक्त हुकूम ठाऊक होते. दया कुठे गेली, अन्याय का झाला, हे त्यांना कुणी पढवलंच नव्हतं.

टिटवीने डोळे पुसले. "वानरकाका, तळ्याच्या काठाला पाय लावू नये, असा जो हुकूम आहे, तो मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचाय."

वानर दचकला. असं नेमकं विचारलेलं त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "तुला गं कशाला हवाय?"

"ते सांगावं लागत नाही ना, काका?"

साळिंदर रडायचं थांबून खुदकन हसलं.

"बरं बरं. अमावास्येला ये."

"जिवाचा प्रश्न आहे, काका. चार जिवांचा. अजून कवचात आहेत."

वानराने डोकं खाजवलं, सूर्याकडे पाहिलं आणि पोपटाला खूण केली. "जा रे बाबा. हिच्याबरोबर तळ्यावरच जाऊन सांग."

कोल्हा पालथा पडून घोरत होता. पोपट त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर बसला आणि थेट राणीच्या आवाजात गरजला, "ऐका! तळ्याच्या या काठाला कुणीही पाय लावू नये..."

"आज्ञा, महाराणी!" म्हणत कोल्हा ताडकन उठला आणि घसरून चिखलात बसला. मग पोपट दिसल्यावर म्हणाला, "बघ! सांगत नव्हतो?"

पण पोपटाचं संपलं नव्हतं. हा हुकूम देताना बोलता बोलता राणीला शिंक आली होती. पोपटाने तीही जशीच्या तशी दिली, "आक्छी!" आणि पुढे म्हणाला, "...कासवीची अंडी फुटून पिल्लं पाण्यात जाईपर्यंत. नंतर पहारा उठवावा."

तेवढ्यात पाण्यातून तीन-चार गोल डोकी वर आली. चांगली मोठी झालेली कासवं होती ती.

"पिल्लं म्हणजे आम्ही का?" त्यातलं एक म्हणालं. "आम्ही तर मागेच पाण्यात आलो. हे कोल्होबा अजून कुणाची वाट बघतायत?"

कोल्ह्याने कान खाली पाडले. "मला... शिंकेपर्यंतच ऐकू आलं होतं," तो पुटपुटला आणि शेपूट झटकत निघून गेला.

टिटवी पाण्यात शिरली, गळ्यापर्यंत भिजली आणि धावत अंड्यांवर जाऊन बसली. थोड्या दिवसांनी चार ठिपकेदार पिल्लं त्याच काठावर तुरुतुरु पळू लागली. साळिंदर पुन्हा वडाखाली गेलं, या वेळी न रडता. वानराला दुपारची झोप मिळेनाशी झाली, पण पोपट खूश होते.

तात्पर्य: सगळ्यांसाठी काढलेला हुकूम सगळ्यांना मागता येतो, फक्त तो नेमका मागावा आणि शेवटपर्यंत ऐकावा.

आणि हो, टिटवी तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, की वडाशेजारच्या उंबराची पिकली फळं एकट्या वानरकाकांनीच खायची, हा हुकूम कोणत्या पोपटाला...

आले गं मावशी!