शेवटचा थेंब

मिरवणूक मशिदीवरून न्यायची की नाही, यावरून गाव पेटायला आलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून शांतता समितीच्या कामाला लागलेल्या जमिला मुजावरने शाळेत बैठक बोलावली. दोन्ही समाजांची चारशे माणसं जमली.

तेवढ्यात पन्नास काठीवाली पोरं घेऊन मिरवणुकीचे पुढारी आबासाहेब दारात हजर! "प्रयोगशाळा सोडून इथं कशाला आलीस, पोरी? आम्ही सगळे एकदमच आत घुसणार."

"या की. पण मानाचा माणूस शेवटी येतो, आबासाहेब. आधी पोरांना एकेक करून सोडा."

मान म्हटल्यावर आबासाहेब फुगले आणि बाहेर थांबले. जमिलाने एकेकाची काठी दारात ठेवून घेतली, त्याला रिकाम्या खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला. कुणाच्या शेजारी त्याची मोटरसायकल दुरुस्त करणारा सलीम, तर कुणाच्या शेजारी चौथीत शिकवलेल्या बाई.

तासाभराने आबासाहेब रुबाबात आत आले. "उठा रे!" कुणीच हललं नाही.

"माझी माणसं कुठायत?"

"इथंच आहेत, विरघळलीत. ॲसिडमध्ये पाणी ओतलं की ते उसळून अंगावर येतं. म्हणून पाण्यात ॲसिड सोडायचं, थेंबथेंब. बसा आबासाहेब, शेवटचा थेंब तुम्हीच."

सगळ्यात आधी हसली ती आबासाहेबांचीच पोरं, आणि गावाचा जीव भांड्यात पडला.