आधी काढलेला घास

पेन्सिली बोलायच्या आणि माणसं ऐकायची, त्या काळातली ही गोष्ट. एका वाढत्या गावाचा नकाशा धोंडोपंत रंगवत. तांबडी पेन्सिल रस्ते आखी, पिवळी घरं भरी. दोघी झिजून बोटाएवढ्या झाल्या होत्या. हिरवीचा नंबर सगळ्यांत शेवटी, म्हणून ती अजून नव्यासारखी लांबलचक. तिच्या वाट्याला यायचा गटारामागचा कोपरा, नाहीतर चौकातला त्रिकोण.

एके दिवशी टेबलावर नवा कागद आला. त्यावर टेकडी होती, नदी होती आणि दोघींना जोडणारा ओढा. तांबडी थेट ओढ्यावरूनच निघाली.

"थांब गं!" हिरवी ओरडली. "ओढ्याकाठची झाडं आधी मला रंगवू दे."

"तुझं उरलेल्यात भागतं की," तांबडी फणकारली. "आधी रस्ते, मग घरं. हो ना, पंत?"

"पद्धत तशीच आहे खरी," म्हणत पंतांनी जेवणाचा डबा उघडला. रोजच्यासारखा पोळीचा पहिला तुकडा त्यांनी गाईसाठी बाजूला ठेवला.

"पंत, गाईचा घास जेवण झाल्यावर काढावा. उरलं तर," हिरवी म्हणाली.

पंत भडकले. "उष्टं घालू गाईला?"

बोलता बोलता पंतांचा हात डब्यातच थांबला. त्यांची नजर नकाशातल्या ओढ्याकडे गेली. मग उठून त्यांनी हात धुतले, तांबडी रेघ रबराने पुसली आणि हिरवीला टोक काढलं.

टेकडीपासून नदीपर्यंत हिरवी कुठेही न थांबता चालत गेली. तांबडी पहिल्यांदाच आपला नंबर यायची वाट बघत बसली.