कवडशी परी आणि बगलफुटीचं फूल

डोंगराच्या अगदी डोक्यावर, जिथं ढगांना आभाळात जागा पुरत नाही म्हणून ते माणसांच्या अंगणात येऊन बसतात, तिथं ढगेवाडी नावाची इवलीशी वाडी होती. तिथं सगळंच ओलं. चुलीतली लाकडं ओली, गोधडी ओली, भिंतींवर हिरवंगार मखमली शेवाळं, आणि वाळत घातलेलं परकर-पोलकं तीन-तीन दिवस गारच्या गार. ऊन म्हणजे तिथं पाहुणा. आला तर आला, आणि आला तरी चहा उकळेपर्यंतसुद्धा थांबायचा नाही.

त्या वाडीत हौसा राहायची. आठ वर्षांची, शेंगेसारखी बारीक, पण डोळे करवंदासारखे टपोरे. तिचा बाप ती जन्मायच्या आधी गेला आणि आई ती रांगायला लागायच्या आत. आता तिला होता फक्त आज्जा, आईचा बाप. आज्जा मूळचा इथला नव्हता. खाली सपाटीवर, जिथं ऊन पिवळंधम्मक आणि माती काळीभोर, तिथं त्याचं तंबाखूचं रान होतं. ते रान भावाच्या हवाली करून तो नातीला छातीशी धरून डोंगर चढून आला आणि इथंच राहिला. का आला, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि हौसानं कधी विचारलं नाही.

घरात नाचणीची एक भाकरी असायची. आज्जा म्हणायचा मला भूक नाही, हौसा म्हणायची मलाच नाही, आणि मग दोघं हसत अर्धी-अर्धी खायचे.

पण जेवण झालं की आज्जा उंबऱ्यावर बसायचा, डावा तळहात पुढं धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं त्यावर मळत राहायचा. तळहात रिकामा. ना तंबाखू, ना चुना. मळून झालं की दोन हलक्या चापट्या मारायचा, हात झटकायचा आणि धुक्याकडं बघत बसायचा. हौसा ते दारातून बघायची. तिला वाटायचं, बिचाऱ्या आज्जाला आपल्या रानातल्या पानाची आठवण येते. माझ्यापायी त्याचं सगळं सुटलं.

मग तिनं मनाशी ठरवलं, आज्जासाठी आपण इथंच तंबाखू लावायची. त्याला सांगायचं नाही. एकदम हातात पान ठेवायचं आणि त्याचं तोंड बघायचं.

खुंटीवर आज्जाचं जुनं मुंडासं होतं. त्याच्या टोकाला एक गाठ होती आणि गाठीत तंबाखूचं बी होतं. ते बी इतकं बारीक, की श्वास जोरात घेतला तर उडून जाईल. हौसानं गाठ सोडली, बी काढलं आणि गाठ होती तशी बांधून ठेवली. न विचारता केलेली ही पहिली गोष्ट.

शेजारच्या अनसाकाकूंच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या उतारावरच्या बागेत, एक काठ फुटलेलं मडकं पडलं होतं. ते हौसानं मागून घेतलं. आज्जाचे गुडघे दुखायचे, तो उतार उतरून कधी यायचा नाही, म्हणून ती जागा बरी होती. काकूंना गुपित सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या.

"धुक्यात तंबाखू? अगं बये, इथं अळू येतं, नाचणी येते, माणसाच्या पाठीवरसुद्धा शेवाळं येतं. तंबाखूला ऊन लागतं, ऊन. ते काय पदरात बांधून आणणार आहेस?"

हौसा तशीच कामाला लागली. बी राखेत कालवून तिनं मडक्यात शिंपडलं. पहिली चिमूट श्रावणातल्या सरीनं वाहून गेली. दुसरी उगवली, हिरव्या टिकल्यांसारखी दिसली आणि धुक्यानं बुरशी येऊन दोन दिवसांत आडवी झाली. हौसा रडली. मग उरलंसुरलं सगळं पेरलं. त्यातून एक, फक्त एक रोपटं जगलं. त्याला चार इवली पानं आली, मऊ केसाळ, मांजराच्या पिल्लाच्या कानासारखी. हौसानं आपलं पानांचं इरलं त्याच्यावर पांघरलं आणि स्वतः भिजत उभी राहिली. एवढ्याशा जिवानं असं भिजू नये, ताप येतो. पण तिला बोलायला आई कुठं होती?

एके दिवशी धुकं फारच दाट होतं. फणसाच्या पानाखाली हौसाला हळदीच्या चिमटीएवढं काहीतरी थरथरताना दिसलं. वाकून बघते तर काय, करंगळीएवढी परी! सोनचाफ्याच्या रंगाचा झगा, अभ्रकासारखे चमचमते पंख, पण ते भिजून एकमेकांना चिकटलेले. बारक्याशा वेणीत तीन सोनेरी धागे लुकलुकत होते. हौसानं तिला अलगद ओंजळीत घेतलं, तिच्यावर ऊन-ऊन फुंकर घातली, इरल्याखाली रोपट्याशेजारी ठेवलं आणि वारा आत शिरू नये म्हणून आपण त्या बाजूला पाठ करून बसली. बराच वेळ बसली. पाठीवरून पाणी ओघळत होतं.

पंख सुटले तशी परी किणकिणत्या आवाजात बोलू लागली. तिचं नाव कवडशी. पानांच्या फटीतून, कौलांच्या भोकातून जे उन्हाचे ठिपके खाली येतात ना, त्यांतली ती एक. खेळता खेळता खाली आली आणि धुक्यात वाट चुकली.

"हे उन्हाचे तीन धागे आहेत बघ," ती म्हणाली. "तू मला ऊब दिलीस, मी तुला मागशील ते देईन. पण ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि ज्याच्यासाठी मागायचं, त्याला आधी विचारायचं."

"विचारलं तर गंमत कुठं राहिली? मला ठाऊकच आहे त्याला काय हवं ते."

"ठाऊक असणं वेगळं नि विचारणं वेगळं, हौसा. न विचारता मागितलेलं मिळतं, पण वाकडं जातं."

हौसा म्हणाली, उद्या विचारून येते. घरी आली, तर आज्जा उंबऱ्यावर बसून रिकामा हात मळत होता. तिनं न विचारताच चुलीत लाकूड सारलं. आणि दुसऱ्या दिवशी परीला सांगितलं, "हो, विचारलं." सांगताना तिनं परीकडं बघितलं नाही. ते दोन शब्द पुढं कितीतरी दिवस तिला काट्यासारखे टोचत राहिले.

तिनं रोप जगू दे म्हणून मागितलं. कवडशीनं एक धागा सोडून रोपाभोवती गुंडाळला आणि मडक्यापुरतं मधाच्या रंगाचं ऊन पडलं. सगळ्या परड्यात धुकं, तेवढ्या मडक्यावर मात्र ऊन! रोप तरारलं. मग हौसानं मागितलं, पानं आज्जाच्या रानातल्यासारखी होऊ देत. दुसरा धागा सुटला. पानं हत्तीच्या कानासारखी रुंद झाली, हिरवी, मग कडेनं पिवळसर. अनसाकाकू बघायला आल्या आणि तोंडावर पदर धरून उभ्याच राहिल्या. कवडशी मात्र दिवसेंदिवस फिकी होत होती, हळदीच्या पाण्यात आणखी पाणी घातल्यासारखी. हौसाला ते दिसलं नाही. तिचे डोळे पानांवर होते.

एका सकाळी शेंड्यावर गुलाबी टोकांच्या कळ्यांचा इवला झुबका आला.

"अगं, फूल येतंय!" कवडशीनं टाळ्या वाजवल्या.

"म्हणून तर खुडायचं," हौसा शहाण्यासारखी म्हणाली. आज्जानं कितीदा सांगितलं होतं, की तंबाखूचा शेंडा खुडला नाही तर सगळं बळ फुलात जातं आणि पान कागदासारखं राहतं. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून नवे फुटवे येतात, त्यांना बगलफुटी म्हणतात, त्याही दिसल्या की काढायच्या. हे सांगताना आज्जा दर वेळी इथं येऊन थांबायचा आणि तोंड फिरवायचा. का फिरवायचा, तेही हौसानं कधी विचारलं नव्हतं.

तिनं शेंडा धरला आणि टच्चकन खुडला. कळ्या चिखलात पडल्या.

मग तिनं खालचं सर्वांत रुंद, पिवळं पान तोडलं आणि घराकडं पळत सुटली. आज्जा म्हणायचा, पान जमलं की नाही ते जिभेवर ठेवून कळतं. म्हणून वाटेत तिनं एक तुकडा जिभेवर ठेवला. दहा पावलं गेली नसेल तोच डोंगर गरगर फिरायला लागला. तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम आला आणि उंबऱ्याशी येऊन ती भडाभडा ओकली.

आज्जानं तिला मांडीवर घेतलं. हातातलं पान बघितलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. पोरीला तंबाखू लागली होती. त्यानं तिला चुळा भरायला लावल्या, बोटं घासून घासून धुतली, गुळाचं पाणी चमच्यानं पाजलं. डोंगर फिरायचा थांबला तेव्हा दुपार झाली होती.

"तुझ्यासाठी लावली मी," हौसा हळूच म्हणाली. "तू रोज रिकाम्या हातावर मळतोस ना."

आज्जानं आपले दोन्ही तळहात उघडून बघितले.

"सवय आहे गं ती हाताची. मी विसरलोय, हात विसरत नाही. तुझी आई, माझी वेणू गेल्यावर तुला मी खाली रानात नेलं होतं. अंगणभर पानं वाळत घातलेली. त्या वासानं तू खोकायला लागलीस, खोकता खोकता काळी-निळी पडलीस. एवढीशी होतीस. त्याच दिवशी तंबाखू थुंकली आणि तुला घेऊन वर आलो. धुक्यात असला वास टिकत नाही म्हणून. मला नको होती गं ती."

मग त्यानं विचारलं, "शेंडा?"

"खुडला. तू सांगतोस तसा."

आज्जानं डोळे मिटले. आणि मग जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. हौसाची आई, वेणू, लहान असताना रोज त्याच्यामागं लागायची, बाबा, एक झाड माझ्यासाठी ठेवा, त्याचा शेंडा खुडू नका, मला ते गुलाबी फूल केसांत घालायचंय. बियाण्यासाठी न खुडलेली झाडं रानाच्या टोकाला असायची, त्यांना पोरांनी हात लावायचा नसे. आज्जा म्हणायचा, पुढच्या साली ठेवतो. असं करता करता वेणू मोठी झाली, लग्न होऊन डोंगरावर आली आणि गेलीसुद्धा. पुढचं साल आलंच नाही. मुंडाशातलं बी त्या एका झाडासाठी होतं.

हौसा रडली नाही. रडण्यापलीकडचं काहीतरी तिला झालं. एकदा विचारलं असतं तर! नुसतं, आज्जा, तुला काय हवंय, एवढंच.

ती तशीच परड्यात गेली आणि कवडशीला म्हणाली, "मी खोटं बोलले. मी विचारलं नव्हतं."

"मला ठाऊक होतं," कवडशी म्हणाली. तिचा आवाज आता मुंगीच्या पावलाएवढा झाला होता. "खुडलेलं मला जोडता येत नाही, हौसा. पण एक धागा आहे. नवं फूल मागितलंस तर येईल."

तेव्हा कुठं हौसानं तिच्याकडं नीट बघितलं. पंखांतून पलीकडचं गवत दिसत होतं.

"आणि मग तुझ्याकडं काय राहील?"

कवडशीनं मान खाली घातली. हाच धागा धरून तिला घरी जायचं होतं. तो गेला तर ती इथंच, धुक्यात विरून जाणार होती.

हौसा मागे वळली आणि पुन्हा घरी गेली. या वेळी तिनं विचारलं. परी, धागे, खोटं बोलणं, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आज्जा, तुझ्यासाठी फूल मागू का?"

आज्जा परीला हसला नाही. खुंटीवरच्या मुंडाशाकडं बघत म्हणाला, "तिला घरी जाऊ दे, बाळा. घर सुटलं की कसं होतं ते मला विचार. माझ्या फुलासाठी कुणाची वाट अडायला नको."

हौसानं येऊन तसंच सांगितलं. कवडशीनं तिच्या बोटाला गाल लावला, वेणीतला शेवटचा धागा सोडला आणि वर उडवला. त्याबरोबर धुकं पडद्यासारखं दुभंगलं. आख्ख्या ढगेवाडीवर लखलखीत, केशरी-पिवळं ऊन सांडलं. कौलं चमकली, गवतावरचा थेंब न् थेंब हिऱ्यासारखा पेटला, अनसाकाकू वाळवणं घेऊन धावल्या. त्या झगमगाटात कवडशी ठिपक्याएवढी झाली, मग कणाएवढी, मग नुसता उजेड, मग तोही नाही. जाता जाता तो उजेड मडक्यातल्या बोडक्या झाडावरून हलकेच हात फिरवून गेला.

हौसा आजारी पडली होती ना, त्या गडबडीत बगलफुटी काढायच्या राहूनच गेल्या होत्या. एका पानाच्या बगलेत तांदळाएवढी एक फूट होती. हौसानं ती बघितली. हात मागे बांधून घेतले आणि नुसती बघत राहिली.

आठव्या दिवशी ती फुलली. फक्त एकच फूल, लांबट नळीचं, टोकाला पाच पाकळ्यांची गुलाबी चांदणी.

आज्जा हौसाच्या खांद्यावर हात टाकून, एकेक पायरी थांबत, पहिल्यांदाच परड्यात उतरला. फुलासमोर उभा राहिला. हौसाला वाटलं, आता तो ते तोडून आपल्या केसांत घालील.

"खुडायचं नाही," आज्जा म्हणाला. "तू अशीच उभी राहा."

त्यानं वाकून दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि हौसाच्या कानाशी धरलं. गुलाबी फूल तिच्या केसांना टेकलं. तो तिच्याकडं बघत होता आणि तिच्या पलीकडं आणखी कुणाकडं तरी. ओठ हलले आणि वेणूचं नाव आलं. ते ऐकणारी तिथं नव्हती.

मडकं ओल्या मातीनं जड झालं होतं. तरीसुद्धा, धुकं परत येऊन फूल दिसेनासं होईपर्यंत, त्यानं ते खाली ठेवलं नाही.