अध्यक्षसाहेबांचं पाणी

नववीतल्या प्रत्येक मुलीला समीकरण संतुलित करता आल्याशिवाय पुढचा धडा घ्यायचा नाही, असं तांबटबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. चौथ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष नलगेसाहेब वर्गात येऊन थडकले. ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी’ हे वाक्य बाईंनी फळ्यावर चिन्हांत मांडलं होतं: H₂ + O₂ → H₂O.

“एवढ्याशासाठी चार दिवस? उद्यापासून हे बंद!” साहेब कडाडले. त्यांनी खडू उचलला आणि उजवीकडच्या O खाली छोटासा दोन लिहिला. “दोन्हीकडे दोन-दोन. झालं संतुलित!”

प्रथमोपचाराच्या पेटीतली बाटली काढून बाईंनी पेला भरला आणि बाटलीसकट साहेबांपुढे ठेवला.

“उन्हातून आलात. पाणी घ्या.”

साहेबांनी बाटलीवरचं ‘हायड्रोजन पेरॉक्साइड’ हे नाव वाचलं आणि हात मागे घेतला. “अहो, हे जखम धुवायचं औषध आहे!”

“तुम्हीच आत्ता लिहिलंत साहेब, H₂O₂. पाणीच हवं असेल तर तो दोन O च्या खाली नाही, H₂O च्या आधी लिहावा लागतो आणि डावीकडे H₂ च्या आधीही. तेवढं शिकायलाच चार दिवस लागतात.”

साहेबांनी आपला दोन आपल्याच रुमालाने पुसला.

“पाचवा दिवस लागला तरी घ्या,” ते पुटपुटले आणि माठाकडे वळले.