पंचविसाव्या वाढदिवसाचं तिकीट

"हे तिकीट चालायचं नाही! चल, हो बाजूला!"

भोंगरगडच्या मौजबागेच्या फाटकावर दिवाणजी खेकसले. समोर उभा होता केरबा सुतार आणि त्याची तरणीताठी लेक झुंबर. केरबाच्या हातात कातड्याचं जुनं तिकीट.

"का चालायचं नाही?" झुंबरनं विचारलं. "शिक्का पुसलाय?"

"शिक्का आहे."

"अमुक दिवशी संपलं असं लिहिलंय?"

"तसं नाही लिहिलेलं. पण जुनं आहे ना!"

"जुने तर तुम्हीपण आहात दिवाणजी. तुम्हाला आत सोडतात की!"

रांगेतली माणसं खिदळली. दिवाणजींचा चेहरा वांग्यासारखा झाला.

बागेतला मोठा रहाटपाळणा ह्या केरबानंच बांधलेला. मजुरी मागितली तर खजिनदारानं हे तिकीट हातावर ठेवलं. एक मोठा माणूस, एक पोर. राजाची नोकरी ती अशी! बाग उघडायची वर्षातून एकदाच, महाराजांच्या वाढदिवसाला. पहिल्याच वर्षी नेमका झुंबरला गोवर आला. मग केरबा पोटामागं कोकणात गेला होड्या बांधायला. परत आला तोवर एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. पुढच्या वर्षापर्यंत तो डोळा टिकेल असं वैद्यसुद्धा म्हणत नव्हता. दिसतंय तोवर आपल्या हातच्या पाळण्यात बसून वरनं एकदा सगळा मुलूख बघायचा, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं.

गलका ऐकून महाराज आले. मिशांना कोळशासारखा काळा कलप. महाराजांची एक गंमत होती. ते एकदा पंचवीस वर्षांचे झाले आणि ते त्यांना एवढं आवडलं की तिथंच मुक्काम ठोकला. दर वर्षी पंचविसावाच वाढदिवस! एका कारकुनाच्या तोंडून चुकून सव्विसावा निघालं, तो अजून हत्तीखान्यात शेण उपसतोय. तेव्हापासून दरबारात कुणाचं काही चुकत नव्हतं.

महाराजांनी तिकीट उलटसुलट केलं. शिक्का त्यांचाच. नाही म्हणावं तर अब्रू जाते, हो म्हणावं तर दिवाण तोंडघशी पडतो. राजे लोक असे अडकले की अट घालतात.

"तिकीट खरं आहे. चालेल!" महाराज म्हणाले. "पण नियम वाच. पोर बरोबर असल्याशिवाय मोठ्याला पाळण्यात बसता येत नाही. आणि तिकिटावर लिहिलंय, केरबा सुताराची लेक झुंबर, वय सात. तर तीच झुंबर आण, सात वर्षांची! बाग बंद व्हायच्या आत आणलीस तर बसा. नाही आणलीस तर तिकीट फाडून टाकीन!"

दिवाणजींनी टाळी वाजवली. ह्या माणसाला पगार टाळ्या वाजवायचाच होता.

केरबा मान खाली घालून म्हणाला, "चल पोरी, घरी जाऊ. मोठ्यांशी कुठं लागायचं?"

"थांबा हो बाबा," झुंबर म्हणाली. "महाराज, आणते!"

दिवस कलायला लागला. तेवढ्यात फाटकावर हशा पिकला. झुंबर परत आली होती! अंगात परकर-पोलकं, दोन वेण्या, लाल रिबिनी, गालावर काजळाची तीट. बापाचं बोट धरून उड्या मारत आली आणि महाराजांपुढं उभी राहून बोरं चोखायला लागली.

"ही काय थट्टा आहे?" दिवाणजी ओरडले. "ही घोडी सात वर्षांची?"

"बाबा, हा ओरडणारा काका मला भेवडावतो!" झुंबरनं भोकाड पसरलं.

"गप्प!" महाराज गरजले. "किती वर्षांची गं तू?"

"सात."

"खोटं!"

"मग विचारा तुमच्या माणसांना. दिवाणजी, हे तिकीट कधीचं?"

दिवाणजींनी वाचलं. "महाराजांच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं."

"आणि आज वाढदिवस कितवा?"

दिवाणजींनी नाक दाबलं. हत्तीखान्याचा वास नाकात आला असावा. "पंच... पंचविसावा."

"मग तिकीट आजचंच की! महाराज पंचवीसचे तेव्हा मी सातची. महाराज आजही पंचवीसचे. मग मी कितीची? सांगा जोशीबुवा, तुम्ही तर पंचांग बघता!"

राजजोशी पेढा खात होते. तो घशात अडकला. मधेच वर्षं गेली म्हणावं तर महाराज म्हातारे होतात. गेली नाहीत म्हणावं तर समोर ही उभी! बुवा नुसतेच खोकत राहिले.

"पण मला डोळ्यांनी दिसतंय!" महाराज तावातावानं म्हणाले. "तू वाढली आहेस!"

झुंबरनं बोराची बी थुंकली.

"वाढले असेन महाराज. पण मी एकटीच कशी वाढले? माझ्याबरोबर आणखी कोण कोण वाढलं तेही मोजू या. बोला, कुणापासून सुरुवात करू?"

सगळा दरबार जमिनीकडं बघायला लागला. जणू तिथं कुणाची अंगठी पडली होती.

महाराजांनी डोळे वटारले. मिशी थरथरली. आणि एकदम हसू फुटलं त्यांना! पोट धरून हसले, खाली बसून हसले, डोळ्यांतनं पाणी आलं. कलप वितळून हनुवटीवर ओघळला आणि खाली पांढरी मिशी दिसली. ती सगळ्यांनी बघितली, पण कुणीच बघितली नाही.

"हरलो पोरी!" महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. "बसव बापाला पाळण्यात! आणि आजपासून ह्या फाटकावर तू. जुनं तिकीट चालतं की नाही ते तू ठरवायचं."

"आणि मी, महाराज?" दिवाणजींनी विचारलं.

"तुम्ही आणि जोशीबुवा पाळणा फिरवा. केरबा पुरे म्हणेपर्यंत!"

बापलेक बसले. पाळणा वर गेला. केरबानं उरलेल्या डोळ्यानं नदी बघितली, डोंगर बघितला, राजवाड्याचं गळकं छप्परसुद्धा बघितलं. खाली दोघे घामाघूम होऊन दांडा ओढत होते.

"केरबा, झालं का रे?" दिवाणजी धापा टाकत ओरडले.

"अजून एक फेरी!" वरनं आवाज आला. "पोर सात वर्षांची आहे दिवाणजी, ऐकत नाही हो!"

महाराज पुन्हा खो खो हसत सुटले.