दुसरा रिमोट

एकदा एक गृहस्थ दोन पिशव्या घेऊन आपल्या गुरूंच्या दारात आला आणि कोणती पिशवी आधी पुढे करावी हे न सुचल्याने दारातच उभा राहिला. दोन्ही पिशव्यांत एकाच जातीची वस्तू होती. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचं ते यंत्र: पांढरं अंग, लाल झाकण, वर कॅसेट खुपसायची खाच आणि दोन्ही बाजूंना वायरीने कायमचे बांधलेले दोन रिमोट. एक यंत्र चालत होतं, दुसरं बंद होतं. त्याचा जीव अडकला होता तो त्या बंद यंत्रात.

गुरू म्हणजे कुणी मठाधिपती नव्हेत. नाना हे गावातले जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. दुकान मुलाकडे सोपवल्यावर घराच्या पडवीत एक टेबल, एक मीटर आणि एक जुना टीव्ही ठेवून ते शांतपणे बसत असत. हा गृहस्थ सरकारी कचेरीत वरच्या हुद्द्यावर होता, पण दर रविवारी त्यांच्यापुढे सोल्डरचा धूर डोळ्यांत घेत शिकायला बसे. पंचेचाळिशीत माणसाला शिष्य व्हावंसं वाटतं, त्यामागे काहीतरी कारण असतंच.

कारण असं होतं. चार वर्षांपूर्वी भंगाराच्या गाड्यावर त्याला असलं एक यंत्र दिसलं. हातात घेताच छातीत काहीतरी हललं आणि त्याने ते घरी आणलं. मग दुसरं आणलं, मग पाचवं. आता काचेच्या कपाटात एकवीस यंत्रं ओळीने बसली होती. आनंदासाठी आणलेल्या वस्तूंनी त्याची झोप मात्र उडवली. दमट हवा सुटली की तो कपाटाला हात लावून बघे. मुंगी दिसली की घर डोक्यावर घेई. पाहुणे आले की त्यांना कपाटापासून चार हात दूर बसवी. खेळायचं तर केव्हाच बंद झालं होतं. बटणं झिजली असती ना! आणि एवढं करूनही मनाला स्वस्थता नव्हती, कारण ती एकवीसही तसलीच होती, त्यांतलं एकही तेच, लहानपणी घरात होतं ते, नव्हतं.

आणि महिन्यापूर्वी तेच सापडलं. धाकटी बहीण वृषाली हिच्या लग्नात आईने नजरचुकीने ते तिच्या ट्रंकेत भरलं होतं. सासरच्या माळ्यावर ते निघालं. ती स्वतः ते घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, तू आता हे असलं दुरुस्त करतोस ना? एवढं चालू करून दे. पोरं शिकायला बाहेर गेली, दुपारी घर खायला उठतं. जरा खेळेन म्हणते." झाकणावर तिने चौथीत असताना चिकटवलेली आईची मरून रंगाची टिकली अजून तशीच होती.

दुरुस्त केलं की परत द्यायचं, ही कल्पनाच त्याला सोसेना. ती ते कुठेही ठेवेल, कुणाच्याही हातात देईल, एक दिवस पुन्हा माळ्यावर टाकेल. महिनाभर तो आतल्या आत कुढत राहिला आणि शेवटी त्याने एक युक्ती केली. कपाटातलं हुबेहूब दिसणारं एक चालू यंत्र काढलं. जुन्या यंत्रावरची टिकली नखाने हळूच सोडवून त्या दुसऱ्यावर चिकटवली. तिला खेळायला मिळेल, मला जपायला मिळेल, यात कुणाचं काय बिघडतं? असं त्याने मनाला पुन्हा पुन्हा समजावलं. ज्या गोष्टीत खरोखर काही बिघडत नसतं, ती मनाला इतक्या वेळा समजवावी लागत नाही.

आज वृषाली यंत्र न्यायला येणार होती. पाच वाजेपर्यंत थेट नानांकडेच पोहोचणार होती.

"नाना, हे चालू आहे, बहिणीला द्यायचंय. एकदा नजर टाका," तो घाईने म्हणाला. "आणि हे दुसरं बंद आहे, माझंच. जमलं तर बघा."

नानांनी चालू यंत्र हातात घेतलं. त्यांचा अंगठा टिकलीवरून फिरला आणि थांबला. टिकली विटलेली होती, तिच्याखालचा डिंक मात्र अजून ओला होता. त्यांनी चष्म्यावरून शिष्याकडे पाहिलं. शिष्याचे कान तापले. त्यांनी ते यंत्र बाजूला ठेवलं आणि बंद यंत्राचे स्क्रू सोडवायला घेतले.

फोन वाजला. "दादा, पेठनाक्यावर आलेय. तासाभरात पोचते. झालं का रे आपलं काम?"

"बघतोय, बघतोय," तो म्हणाला.

नाना मीटरची टोकं एकेका जागी टेकवत होते. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. दुसऱ्या रिमोटच्या वायरीत आतल्या तारा तुटून एकमेकींना चिकटल्यात. त्यामुळे सगळी वीज तिथेच जिरते."

शिष्याला हायसं वाटलं. "एवढंच ना? मग ती वायर कापूनच टाका, नाना. आम्ही जमवणारे सगळे तेच करतो. दुसरा रिमोट लागतो कुणाला?"

नानांनी वायरीचा खराब तुकडा कापला, पाच बारीक तारा सोलल्या आणि एकेकीला धीराने सोल्डरचा डाग देऊन जोडलं. दुसरा रिमोट अगदी नीट झाला. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. पहिल्या रिमोटचा यंत्राच्या आत बसवलेला प्लग उपटला आणि तो धडधाकट रिमोट वायरीसकट टेबलाच्या खणात टाकून खण लावून घेतला.

"नाना! तो चांगला होता!"

"ठाऊक आहे." नानांनी झाकण लावलं, टीव्ही चालू केला, कॅसेट बसवली. तीस वर्षांपूर्वीचं किणकिणतं संगीत सुरू झालं आणि पडद्यावर खेळांची यादी आली. शिष्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नानांनी दुसरा रिमोट त्याच्या हातात दिला. "खेळ."

त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं, सगळी दाबली. यादीतला बाण जागचा हलेना. संगीत आपलं वाजतच होतं. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"नाना, काहीतरी राहिलंय. आतली चिप गेली का? उघडा ना परत! ती येईल आता." त्याचा आवाज चिरकला. तो बटणं दाबतच होता.

नाना सावकाश चहा प्यायले. कप खाली ठेवून म्हणाले, "काही बिघडलेलं नाही. हातातल्या वस्तूकडे नीट बघ. या रिमोटला सुरू करायचं बटणच नाही. कारखान्यातूनच नाही. खेळ निवडायचा पहिल्याने, सुरू करायचा पहिल्याने, थांबवायचा तोही पहिल्यानेच. तुझ्या कपाटात एकवीस यंत्रं, म्हणजे एकवीस दुसरे रिमोट. त्यातला एक तरी कधी हातात घेतलास?"

शिष्याने हातातला रिमोट उलटा करून पाहिला.

"हा कुणाकडे असायचा?"

"वृषालीकडे."

"वायर उंदराने कुरतडलेली नाही. ताणली जाऊन जाऊन आतून तुटलीये. पहिल्याची वायर बघ, नवी वाटते. तो खेळणारा यंत्राच्या पुढ्यात बसायचा. ही मागे, वायर पोचेल तिथे. तू म्हणतोस, मी माझं बालपण जमवतोय. जमवलंस ते अर्धं. उरलेलं अर्धं आत्ता एस.टी.त बसून इकडे येतंय आणि त्याला तू भलतंच यंत्र देऊन वाटेला लावणार होतास."

एवढं बोलून नानांनी खण उघडला, पहिला रिमोट टेबलावर ठेवला आणि ते आत निघून गेले.

शिष्याने तो स्वतःच्या हाताने परत जोडला. त्याला आठवत होतं, एकट्याने खेळायचा खेळ असला की तो दुसरा रिमोट तिला देऊन म्हणायचा, "तूही खेळतेयस, दाब." ती जीव तोडून दाबायची. पडद्यावरच्या माणसाने खड्डा ओलांडला की तो सांगायचा, ती उडी तूच मारलीस. मग ती टाळ्या वाजवायची. हे त्याला गमतीचं वाटायचं. आज पाच मिनिटं तेच बटण दाबून त्याचा जीव कासावीस झाला होता.

वृषाली आली ती घामाघूम होऊन, हातात भडंगाची पुडी घेऊन. टीव्हीवरची यादी पाहताच ती चपला काढायची विसरली. "अगंबाई, लागलं!"

"थांब. आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "मी तुला दुसरंच यंत्र देणार होतो. टिकली काढून त्याच्यावर लावली होती. हे माझ्याजवळ ठेवणार होतो."

तिने भडंगाची पुडी टेबलावर ठेवली. "मागितलं असतंस तर दिलं नसतं का रे मी?" एवढंच म्हणाली. मग टीव्हीपुढे बसली, आणि बसताबसताच सवयीने मागे सरकून तिने दुसरा रिमोट उचलला.

त्याने पहिला तिच्यापुढे धरला. "तू पुढे ये. आज तू सुरू कर. वृषे, तुला लहानपणी मी फसवलं गं. तुझ्या रिमोटने काहीच होत नव्हतं."

"ते माहीत होतं मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यातच कळलं. पण दाबत राहिलं की तू जवळ बसू द्यायचास."

त्याने तिच्या हातातून दुसरा रिमोट घेतला आणि तो तिच्या मागे जाऊन बसला. पहिला रिमोट दोन्ही हातांत धरून ती यादी वाचू लागली, एकदा वरून खाली, मग खालून वर. वृषालीला खेळ निवडायला बराच वेळ लागला आणि त्याने एकदाही घाई केली नाही.